तपासणीचं टेबल आणि प्रार्थनेचा बाक: दोन दिवसांच्या शिबिराचा वृत्तांत

आमच्या ख्रिस्ती मंडळीचं (चर्चचं) आरोग्य तपासणी शिबिर नऊला सुरू होईल असं आम्ही कळवलं होतं. साडेसातला पोचलो, तर शाळेच्या हॉलला अजून कुलूप होतं आणि ओट्यावर नऊ जण येऊन बसले होते. त्यातल्या निम्म्यांनी साखर तपासायची म्हणून आदल्या रात्रीपासून पोटात काही घातलं नव्हतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या एक आजी तर गोळी घेऊन उपाशी बसल्या होत्या. त्यांना आधी घेतलं. साखर ७४ भरली. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, चक्कर सुरू होऊ शकते, म्हणून रीडिंग झाल्याबरोबर त्यांना खायला दिलं. तुम्ही शिबिर घेणार असाल तर उपाशी यायचं की खाऊन यायचं, हे निरोपातच लिहा. ज्यांना गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांच्यासाठी वेगळी ओळ घाला.

आम्ही अकरा जण होतो: एक डॉक्टर, दोन नर्स, एक लॅब टेक्निशियन, आमचे पाळक (पास्टर) आणि मंडळीतले सहा स्वयंसेवक. मी नर्सपैकी एक. बीपी, साखर, वजन-उंची आणि दृष्टी, एवढंच तपासायचं ठरवलं होतं आणि ते बरं झालं. यादी लांबली की रांग लांबते आणि माणसाशी बोलायला वेळ उरत नाही.

बीपी हे सगळ्यांना सोपं काम वाटतं, पण सर्वाधिक चुका तिथेच झाल्या. पहिला तासभर आमच्याकडे एकाच मापाचा पट्टा बाहेर काढलेला होता. जाड दंडाच्या एका ताईंचं बीपी १५६/९८ आलं, स्वयंसेवकाने ते कागदावर लिहिलं आणि त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन घरी गेल्या. पट्ट्यातला रबरी फुगा दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के भाग व्यापणारा हवा. पट्टा लहान पडला की आकडा खोटा चढतो. मोठा पट्टा पेटीतच राहिला होता. तो काढला, एका मुलाला त्यांच्या घरी धाडलं, त्यांना परत बोलावून पाच मिनिटं शांत बसवलं आणि पुन्हा मोजलं: १३८/८६. मी त्यांची माफी मागितली. मोजण्याआधी पाच मिनिटं बसणं, पाठीला आधार, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा तंबाखू नाही आणि मोजताना बोलणं नाही. हे नियम मोठ्या अक्षरात टेबलावर लावा. रीडिंग मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या. दोन्ही वेळा १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तरी ‘तुम्हाला बीपी आहे’ असं म्हणू नका. ‘दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे पुन्हा मोजून घ्या’ एवढंच सांगा. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलताना जीभ अडखळणं असेल, तर त्या माणसाला रांगेत न ठेवता थेट दवाखान्यात न्यायचं. गाडी आणि चालक त्यासाठी दिवसभर मोकळे ठेवा.

साखरेच्या टेबलावर आधी हात धुऊन कोरडे करायला लावा. बोटाला गोड काही लागलेलं असलं तर रीडिंग उगाच चढतं. सुई प्रत्येकाला नवी, एकदाच वापरून मोडणारी. बोट टोचायचं, पुन्हा वापरायचं पेन घेऊच नका, त्यातून हिपॅटायटिस बी पसरल्याची उदाहरणं आहेत. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका आणि तो डबा कुठे द्यायचा, हे निघण्याआधी ठरवून ठेवा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती.

पहिल्या दिवशी प्रार्थनेचं टेबल आम्ही हॉलच्या दाराशी मांडलं होतं. डॉक्टरांशी बोलून, कागद घेऊन बाहेर पडायचं तर वाट तिथूनच जायची. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, जागा तशी होती. दुपारी एक काका कागद छातीशी धरून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “सिस्टर, प्रार्थना केल्याशिवाय जाता येतं ना?” ते ऐकून मी सुन्न झाले. म्हणजे त्यांच्या लेखी ती तपासणीची फी होती.

येशूने बार्तीमयाला बरं करण्याआधी विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्या माणसाला काय हवं असणार, हे उघड असूनही विचारलं. आम्ही विचारलंच नव्हतं. संध्याकाळी सगळे एकत्र बसलो आणि पाळकांनीच टेबल हलवायचं सुचवलं. दुसऱ्या दिवशी अंगणापलीकडे झाडाखाली दोन बाक ठेवले, ‘कोणाला प्रार्थना हवी असेल तर इथे बसावे’ एवढी पाटी लावली आणि तपासणीच्या टेबलावर त्याचा उल्लेखही करायचा नाही असं ठरवलं. पहिल्या दिवशीपेक्षा थोडेच लोक तिकडे गेले. पण जे गेले ते बराच वेळ बसले.

आमच्यातल्या काहींना हे पटलं नाही. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, लपवायची का, असं त्यांनी विचारलं. लपवायची मुळीच नाही. आम्ही कोण आणि कोणत्या मंडळीतून आलो, हे निरोपात आणि फलकावर स्पष्ट लिहिलं होतं. तेही लिहाच, नाहीतर लोकांना फसवल्यासारखं वाटतं. पण मदत आणि विश्वास यांची अदलाबदल करायची नाही. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांनी १९९४ मध्ये जी आचारसंहिता केली, तिच्यात मदतीचा वापर धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी होणार नाही असं कलम आहे, आणि ती पुढे आणणाऱ्यांत कॅरिटास आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संस्थाही होत्या. शिवाय धर्मांतराबद्दलचे कायदे ठिकाणागणिक वेगळे आहेत. जाण्याआधी ते वाचा, परवानग्या लेखी घ्या.

बाकावर बसणाऱ्यांना दोन गोष्टी बजावून सांगा. पहिली, प्रार्थनेनंतर कोणी विचारलं, ‘आता गोळ्या बंद करू का?’ तर उत्तर एकच: गोळ्या चालू ठेवा, डॉक्टरांनाच विचारा. हा प्रश्न आम्हाला दोनदा आला. दुसरी, प्रार्थनेच्या विषयांची यादी. मंडळीतल्या एका बहिणीने अगदी कळकळीने मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका रुग्णाचं नाव आणि साखरेचा आकडा टाकला. तासाभरात ते पुसलं, पण तोवर कितीजणांनी वाचलं होतं. रुग्णाने स्वतः होकार दिल्याशिवाय नाव, आजार, फोटो यांपैकी काहीही बाहेर जाता कामा नये, प्रार्थनेसाठीसुद्धा नाही. आकडा मोठ्याने वाचायचा नाही, कागदावर लिहून दाखवायचा.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये तपासणी मोहिमांचे निकष मांडले. पुढच्या निदानाची आणि उपचाराची सोय हवी, हा त्यातलाच एक. येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमेवर तेल ओतलं, तो जखमीला उतारशाळेत घेऊन गेला, दोन नाणी दिली आणि परत येताना राहिलेला खर्च भरेन म्हणाला. आम्ही जवळच्या सरकारी दवाखान्यात आधीच जाऊन ओपीडीचे वार आणि वेळा विचारून घेतल्या होत्या, त्या प्रत्येक चिठ्ठीवर छापल्या. ज्यांना पुढे पाठवलं त्यांचे फोन नंबर त्यांना विचारूनच वहीत घेतले.

दोन दिवसांत ११२ जण आले, १९ जणांना चिठ्ठी दिली. दोन आठवड्यांनी एकेकाला फोन केला. १४ जण दाखवून आले होते. दोघांचे फोन लागले नाहीत, तिघांना सोबत कोणी नव्हतं. येत्या शनिवारी आम्ही दोघी नर्स त्या पाच घरी जाणार आहोत. बीपीचं मशीन घेतलं आहे, आणि मोठा पट्टा पिशवीत सगळ्यात वर ठेवला आहे.