सुताराचे घड्याळ आणि सुताराचा गंधार

माझ्या कपाटात संगीताची पुस्तके वरच्या फळीवर आहेत, विज्ञानाची तिच्याखाली आणि आरमारांचा इतिहास त्याहून खाली. तत्त्वज्ञान जागा मिळेल तिथे. या रचनेत एक पुस्तक मात्र कुठेच बसत नाही. ते १७७५ साली लंडनमध्ये छापले गेले आणि माझ्याकडे त्याच्या छायाप्रती शिवून केलेली वही आहे. त्याच्या लांबलचक शीर्षकात अचूक कालमापनाचे यंत्र, चंद्रावरून समुद्रावरचा रेखांश काढण्याचे प्रयत्न आणि संगीताच्या स्वरसप्तकाचा शोध अशा तीन गोष्टींचा उल्लेख आहे. लेखक जॉन हॅरिसन हा मूळचा सुतार होता आणि पुस्तक छापले तेव्हा त्याचे वय ८२ होते.

हॅरिसनची गोष्ट बहुतेकांना माहीत असते ती डेव्हा सोबेल यांच्या १९९५ सालच्या 'लाँजिट्यूड'मुळे, आणि मीही सुरुवात तिथूनच केली. १७०७ साली ब्रिटिश आरमाराची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि चौदाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर १७१४ मध्ये संसदेने कायदा करून, अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणारी रीत शोधणाऱ्यास २०,००० पौंडांचे बक्षीस लावले. (त्या ताफ्याच्या नोंदवह्या पुढे तपासल्या गेल्या तेव्हा अक्षांशाच्याही बऱ्याच चुका सापडल्या, त्यामुळे सगळा दोष रेखांशावर टाकणे मला पटत नाही.) निघालेल्या बंदराची वेळ दाखवणारे घड्याळ जहाजावर असेल, तर ती वेळ आणि सूर्यावरून काढलेली स्थानिक वेळ यांतल्या फरकावरून रेखांश कळतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात आणि अर्ध्या अंशाला २. वेस्ट इंडीजपर्यंतच्या सहा आठवड्यांच्या प्रवासात घड्याळाची एकूण चूक २ मिनिटांच्या आत ठेवायची, म्हणजे दिवसाला ३ सेकंदांचीही सूट नाही, आणि तीही डोलणाऱ्या, ओलसर, कधी गारठलेल्या तर कधी तापलेल्या जहाजावर.

हॅरिसनचे ३४ किलो वजनाचे पहिले समुद्री घड्याळ १७३६ मध्ये लिस्बनला जाऊन आले. परतताना समोर दिसणारी भूमी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या स्टार्ट पॉइंटची, असे जहाजाचा सुकाणूप्रमुख म्हणत होता आणि हॅरिसन ती त्याच किनाऱ्यावरच्या, पण पश्चिमेकडच्या लिझर्ड भूशिराची असल्याचे सांगत होता. ती लिझर्डचीच निघाली; सुकाणूप्रमुखाच्या हिशेबात सुमारे ६० मैलांची चूक होती. यशस्वी ठरले ते चौथे घड्याळ, १७५९ साली पुरे झालेले, जेमतेम १३ सेंटिमीटर व्यासाचे, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे दिसणारे. ते घेऊन त्याचा मुलगा विल्यम १७६१ च्या नोव्हेंबरमध्ये जमैकाला निघाला आणि ८१ दिवसांत ते सुमारे ५ सेकंद मागे पडले.

एवढ्यावर बक्षीस मिळायला हवे होते, असे सोबेल वाचताना वाटते आणि घड्याळाऐवजी चंद्रावरून रेखांश काढण्याच्या रीतीचे पुरस्कर्ते असलेले खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांचा राग येऊ लागतो. योगायोगाने त्याच महिन्यात मी डेव्हिड ह्यूम यांचा मानवी आकलनावरचा १७४८ सालचा ग्रंथ वाचत होतो आणि त्यामुळे माझा राग बराच निवळला. आजवर सूर्य उगवला म्हणून उद्याही उगवेलच हे तर्काने सिद्ध करता येत नाही, असे ह्यूम तिथे दाखवून देतात. बक्षिसाचा निर्णय करण्यासाठी त्याच कायद्याने नेमलेल्या रेखांश मंडळापुढचा प्रश्न याच जातीचा होता: एकच घड्याळ एकदाच बरोबर चालले, तर तो कारागिरीचा पुरावा की नशिबाचा? म्हणून मंडळाने दुसरी सफर घडवली. १७६४ च्या त्या बार्बाडोस सफरीतही घड्याळ टिकले, तेव्हा ते खोलून दाखवा आणि दुसऱ्या कारागिराला त्याची नक्कल करता येते का ते पाहू द्या, असा आग्रह मंडळाने धरला. हॅरिसनला तो अपमान वाटला आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. पण घड्याळजी लार्कम केंडलने ४५० पौंडांत केलेली नक्कल कॅप्टन कुकच्या दुसऱ्या जगप्रवासात उत्तम चालली, तेव्हाच हे यश एका वस्तूचे नसून एका रीतीचे आहे हे ठरले. उरलेल्या बक्षिसापोटी संसदेने १७७३ मध्ये हॅरिसनला ८,७५० पौंड दिले.

सोबेलपेक्षा मला रुपर्ट गोल्ड यांचे १९२३ सालचे समुद्री कालमापकांवरचे पुस्तक अधिक आवडते. गोल्ड स्वतः आरमारातले अधिकारी होते. ग्रिनिचमध्ये हिरवट गंज चढून पडलेली हॅरिसनची घड्याळे १९२० पासून त्यांनी स्वतःच्या हातांनी साफ केली, पुन्हा चालती केली आणि त्याबद्दल मोबदला घेतला नाही. त्यामुळे एखादे चाक वा कमान अशी का आहे हे ते सांगतात, तेव्हा त्यांनी ती बोटांनी चाचपून पाहिली आहे हे वाक्यावाक्यात जाणवते.

हॅरिसनचे स्वतःचे पुस्तक याच्या नेमके उलट. वाक्य सुरू होते, मध्येच मॅस्केलिनांवर घसरते, तिथून तळटीपेत उतरते आणि परत येते तेव्हा कर्त्याचे क्रियापद हरवलेले असते. तेव्हाच्या परीक्षकांनी त्याची टर उडवली. लंबकाचे घड्याळ शंभर दिवसांत सेकंदाच्या आत ठेवता येईल हा त्यातला दावा तर वेडेपणाच मानला गेला. मीही दोनदा अर्ध्यावर सोडले आणि तिसऱ्यांदा शेवटून, म्हणजे संगीतापासून, वाचायला घेतले.

तरुणपणी हॅरिसन बॅरो गावच्या चर्चमध्ये गायकवृंद शिकवत असे आणि तिथल्या घंटांचे सूरही पाहत असे. त्याचा सिद्धांत असा, की वर्तुळाच्या परिघाशी व्यासाचे जे नाते, तेच सप्तकाशी षड्ज-गंधार अंतराचे. केंब्रिजच्या रॉबर्ट स्मिथ यांच्या १७४९ सालच्या ग्रंथातही याचा उल्लेख आहे. सप्तकाचे १२०० समान भाग, म्हणजे सेंट, केले तर १२०० ला पायने (π, म्हणजे परिघ भागिले व्यास, सुमारे ३.१४) भागून ३८२ येतात. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ सेंटवर असतो आणि आपल्या पेटीचा गंधार ४०० वर. गाण्याच्या बैठकीत पेटी असावी की नसावी या आपल्याकडच्या जुन्या वादाचे निम्मे मूळ या १४ सेंटांत आहे. सुताराचा गंधार स्वयंभूपेक्षा चार सेंटांनी उतरलेला, म्हणजे पेटीच्या बरोबर विरुद्ध बाजूला.

पायचा इथे काय संबंध, हे हॅरिसनने दिलेल्या स्पष्टीकरणातून मला पटलेले नाही. पण म्हणून हा भाग म्हाताऱ्याचा छंद म्हणून वगळावा, जसा बहुतेक चरित्रांत वगळतात, हेही पटत नाही. कारण वेड्यात काढलेला दुसरा, लंबकाच्या घड्याळाचा दावा खरा निघाला. हॅरिसनच्या तत्त्वांवर घड्याळजी मार्टिन बर्जेस यांनी आरंभलेले लंबकाचे घड्याळ २०१५ मध्ये ग्रिनिचला बंद पेटीत ठेवून शंभर दिवस तपासले गेले, आणि चूक भरली सेकंदाचा पाच-अष्टमांश.

म्हणून एका रविवारी मी फोनवरच्या स्वरयंत्रात सफेद एकचा (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) षड्ज धरून ३८२ सेंटांचा गंधार लावला आणि शेजारी तंबोरा छेडत बसलो. खर्जातला गंधार साधारण ३२७ हर्ट्झवर बोलत होता आणि त्याच्याशी हॅरिसनचा गंधार मिळत नव्हता, पण भांडतही नव्हता. पेटीचा लावला की सेकंदाला अडीच-एक वेळा थरथर होते. इथे आवाज सावकाश फुगत होता आणि ओसरत होता, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोजले तर एक हेलकावा सव्वा सेकंदाचा भरला.