तुम्ही विचारलंत म्हणून: धबधब्याचे पाणी दुधासारखे कसे दिसते?

पावसाळा सुरू झाला की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "तुमच्या छायाचित्रांत धबधब्याचे पाणी रेशमासारखे मऊ दिसते आणि आमच्या छायाचित्रांत ते नुसते पांढरेफटक येते, तुम्ही कोणता कॅमेरा वापरता?" कॅमेऱ्याचे नाव सांगायला माझी हरकत नाही, परंतु त्या नावाने विचारणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. पाणी मऊ दिसते ते शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे कॅमेऱ्याचे झाकण, अधिक वेळ उघडे राहिल्यामुळे, आणि ते किती वेळ उघडे ठेवायचे हे समोरचे पाणी पाहूनच ठरवावे लागते.

थोडा हिशेब केला की हे लगेच लक्षात येते. कड्यावरून सुटलेले पाणी 20 मीटर खाली येईपर्यंत, हवेचा अडथळा सोडून दिला तर, सेकंदाला सुमारे 20 मीटर या वेगाला पोहोचते. म्हणजे पाव सेकंद शटर उघडे असेल तर तेवढ्या वेळात एकच थेंब पाच मीटर खाली जातो आणि छायाचित्रात थेंबाऐवजी पाच मीटरची रेघ उमटते. कड्याच्या ओठाशी मात्र तेच पाणी बरेच सावकाश असते, त्यामुळे एकाच छायाचित्रात वर सुटे धागे आणि खाली सलग पांढरा पडदा दिसतो. शिवाय आपण दरीच्या पलीकडून पाहत असू तर तीच पाच मीटरची रेघ चित्रात अगदी लहान होते, म्हणून लांबच्या धबधब्याला शटर आणखी मंद लागते. ज्यांना एकच आकडा हवा असतो त्यांची यामुळे निराशा होते, पण माझी सुरुवात बहुधा पाव ते अर्ध्या सेकंदाने होते आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाण्याचा पोत पाहून मी तो आकडा वरखाली करतो.

भर दिवसा इतके मंद शटर ठेवले तर चित्र पांढरे पडते, म्हणून प्रकाश अडवावा लागतो. ढगाळ दुपारी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) 100 आणि भिंगाचे छिद्र एफ/11 (आकडा मोठा तितके छिद्र बारीक) ठेवून शटर एक तीसांश सेकंद येत असेल, तर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लावल्यावर ते साधारण एक अष्टमांशावर येते आणि त्यावर तीन स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा करणारा) एनडी फिल्टर, म्हणजे काळसर काच, चढवला की पूर्ण एक सेकंद मिळतो. एवढा वेळ हात स्थिर राहत नाही, तेव्हा ट्रायपॉड हवाच. फिल्टरचे पैसे वाचवण्यासाठी छिद्र एफ/22 पर्यंत बारीक करण्याचा सल्ला बरेच जण देतात. मी तो मानत नाही, कारण तेवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश विखुरतो आणि कातळाच्या कडा भुरकट होतात.

आणि आपल्याकडच्या धबधब्याच्या चित्रात कातळाचे मोल पाण्याइतकेच आहे. सह्याद्री हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा बनला आहे. यांतले काही थर घट्ट काळे, काही सच्छिद्र आणि ठिसूळ, तर मध्येच कोठे लाल मातीसारखा पट्टा आहे. मऊ थर आधी झिजतो, वरचा घट्ट थर छज्जासारखा पुढे राहतो आणि पाणी टप्प्याटप्प्याने उड्या घेत खाली येते. साताऱ्याहून सज्जनगडावरून चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर ठोसेघरचा धबधबा आहे. तिथल्या समोरच्या गॅलरीतून हे टप्पे नीट पाहता येतात, मात्र त्यासाठी जुलैऐवजी सप्टेंबरात जावे. जुलैत पाणी गढूळ असते, धुके दरीतून हलत नाही आणि सगळा कडा पाण्याखाली झाकलेला असतो. सप्टेंबरात पाणी निवळते, धारा वेगळ्या होतात, त्यांच्या मधून ओला काळा कातळ दिसू लागतो आणि आजूबाजूच्या उतारांवर तेरडा व सोनकी फुललेली असते. ओल्या पानांवर आणि दगडांवर आभाळाची पांढरी चकाकी असते, ती पोलरायझर फिरवून कमी केली की हिरवा रंग आणि कातळाचा काळा रंग अचानक गडद होतात. एकच फिल्टर घ्यायची ऐपत असेल तर मी हाच घ्यायला सांगेन.

पाणी पांढरेफटक येण्याची तक्रार मात्र शटरशी नव्हे, प्रकाशमापनाशी निगडित आहे. चौकटीत बहुतेक सगळा काळा कातळ आणि मध्ये एक बारीक पांढरी धार असली, की कॅमेरा काळ्याला उजळ करायला जातो आणि त्यात धारेचा सगळा पोत पुसला जातो. अशा वेळी एक्सपोजर, म्हणजे चित्राला मिळणारा एकूण प्रकाश, एक स्टॉप उणे करावे. धुके दाटले असेल तर नेमके उलट करावे, कारण धुके कॅमेऱ्याला उगाचच मळकट करावेसे वाटते.

इंद्रधनुष्य हवे असेल तर सूर्य पाठीशी लागतो. आपल्या डोक्याच्या सावलीपासून सुमारे 42 अंशांवर, तुषारांत ते उमटते. कोकणाकडे तोंड असलेल्या कड्यांसमोर ही संधी म्हणूनच दुपार कलल्यावर येते. अशा वेळी पोलरायझर जपून फिरवावा, चुकीच्या कोनात तो इंद्रधनुष्यच पुसून टाकतो. उंचीचे म्हणाल, तर दूधसागरचा 310 मीटरचा प्रपात चित्रात खरा उंच वाटतो तो मधल्या पुलावरून रेल्वेगाडी जात असतानाच.

प्रत्येक धबधबा रेशमी करण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. नाणेघाटात किंवा आंबोलीजवळच्या कावळेसादला नैर्ऋत्येचा वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि खाली पडू पाहणारे पाणी पुन्हा वर उधळतो. तिथे शटर मंद ठेवले तर हाती फक्त धुरकट डाग येतो. सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून वेगवान शटर ठेवले, तरच वर उडालेले पाण्याचे फुटलेले फाटे वेगवेगळे दिसतात. जुलैच्या लोंढ्यालाही मी हेच शटर लावतो, कारण तांबूस पाण्याचे ते जड लोट गुळगुळीत केले की त्यांचे वजनच नाहीसे होते.

कॅमेरा कोणताही असो, धारेत किंवा डोहात उतरून चित्र काढू नये. जून 2024 च्या अखेरीस लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पाऊस वाढला की खाली पाणी चढायला फार वेळ लागत नाही, आणि शेवाळलेल्या कातळावरून घाईने बाहेर पडता येत नाही. काठावरून लांब पल्ल्याची लेन्स लावावी. तुषारांपासून वाचायला छत्री आणि कोरडी फडकी न्यावीत, आणि दर दोन-तीन चित्रांनंतर काच पुसावी, कारण घरी गेल्यावर मोठ्या पडद्यावर दिसणारा थेंबाचा डाग पुसता येत नाही.

राहिला फोनचा प्रश्न. बहुतेक फोनचे छिद्र ठरलेले असते, त्यामुळे दिवसा त्यांचे शटर मंद करायला फारसा वाव नसतो. आयफोनवर मात्र लाइव्ह फोटो (आधीनंतरची क्षणभराची हालचालही टिपणारे चित्र) काढून नंतर त्याला 'लाँग एक्स्पोजर' हा परिणाम देता येतो. फोन एखाद्या दगडावर टेकवून स्थिर ठेवला, तर त्यातून येणारे चित्र भिंतीवर टांगण्याइतके मोठे करता येणार नाही, पण घरच्यांना पाठवायला उत्तम असते.