चिपळूण ते कात्र बोर्न

जुलैत आई पहिल्यांदाच माझ्याकडे मॉरिशसला आली. निघायच्या आधी महिनाभर फोनवर एकच प्रश्न असायचा, "विमानात किती वेळ गं बसायचं?"

सव्वासहा तास. पण मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. त्यामुळे मुंबईहून सकाळी सहाला उडालं की इथल्या पावणेअकराला उतरतं, म्हणजे घड्याळात पावणेपाचच तास गेलेले दिसतात. परत जाताना तेच पावणेआठ होतात. हे आईला कागदावर मांडून हवं होतं. फोटो काढून पाठवला, तिने तो देवघराशेजारी चिकटवला.

सरळ अंतर ४,७०० किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ सगळंच पाण्यावरून. दुबईमार्गे येता येतं, पण मग नुसतं हवेतच नऊ-दहा तास, शिवाय मधला मुक्काम. गुडघे दुखणाऱ्या बाईला ते कशाला?

मला धास्ती होती ती अलीकडच्या प्रवासाची. चिपळूण ते मुंबई विमानतळ अडीचशे किलोमीटर, आणि त्याला लागले साडेनऊ तास! परशुराम घाटात धो धो पाऊस, पुढे खड्डे आणि वळवलेला रस्ता. समुद्र ओलांडायला लागतो त्याच्या दीडपट वेळ आपल्याच जिल्ह्यातून बाहेर पडायला लागावा, याचा मला मनापासून राग येतो.

विमान उडाल्यापासून मी मोबाइलवर नकाशा उघडून बसले होते. निळ्या पाण्यावर एकटं पिवळं विमान. मुंबई १९ अंश उत्तरेला, आमचा विमानतळ २० अंश दक्षिणेला, म्हणून विषुववृत्त बरोब्बर अर्ध्या वाटेवर येतं. ते ओलांडलं तेव्हा इथे साडेसात वाजले होते. आता आई मुंबईपेक्षा मला जवळ, असं वाटलं आणि मी चहा टाकला.

तिकडे मुसळधार पाऊस, इकडे ऐन हिवाळा. आई ओली छत्री पिशवीत घालून उतरली आणि कात्र बोर्नला माझ्या घरी पोचेपर्यंत माझा स्वेटर तिच्या अंगावर होता.

पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर तिला मुद्दाम नेलं. १८३४ पासून आलेले गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर बोटीतून उतरून याच सोळा पायऱ्या चढले. त्यांत आपल्या रत्नागिरीचेही पुष्कळ होते. शिडाच्या जहाजात कित्येक आठवडे काढलेले. आई पायऱ्यांकडे बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "यांच्या आयांना पोचल्याचं कधी कळलं असेल गं?"

मला उत्तर देता आलं नाही.

परतताना विमान रात्री साडेनऊचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चिपळूणहून फोन आला. "पोचले बाई. इकडे पाच वाजलेत. तुझे साडेतीन ना? जेवलीस का?"