नवी डर्ट बाइक आणि दुसऱ्यांदा काळा पडलेला प्लग

नवी डर्ट बाइक पहिले दोन दिवस एका किकवर सुरू होत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र तीसेक किका मारूनही ती सुरू झाली नाही. मी स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा भाग) काढला, तो काळा आणि ओलसर दिसला, म्हणून नवा प्लग बसवला आणि गाडी लगेच सुरू झाली. अडचण मिटली असे मी धरून चाललो. जेमतेम दीड तास चालवून थांबवल्यावर ती पुन्हा अडली आणि बाहेर काढलेला नवा प्लगही पहिल्याइतकाच काळा निघाला. लागोपाठ दोन प्लग सारखेच खराब होत असतील, तर दोष प्लगचा नाही हे तेव्हा माझ्या ध्यानात आले, आणि त्यानंतर मी ज्या क्रमाने तपासणी केली तो क्रम येथे सविस्तर लिहीत आहे. माझी गाडी 125 सीसीची, फोर-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवर चालणारी आणि सीडीआय इग्निशनची (ठिणगीसाठी कॉइलला करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा असलेली) आहे.

प्लग काढताना पहिली गोष्ट ही की, त्याच्या बुडाशी साठलेली माती आधी हवेने किंवा ब्रशने पूर्ण साफ करावी. डर्ट बाइकच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण प्लग निघाल्याबरोबर ती माती थेट सिलिंडरमध्ये पडते. काढलेल्या प्लगचे टोक उजेडात धरून पाहावे. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीची चिनीमाती फिकट तपकिरी असेल तर ज्वलन नीट होत आहे. कोरडी, मखमलीसारखी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी आहे, अथवा ठिणगी अशक्त आहे. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, पण पेटत नाही. अनेक किका मारूनही तो पूर्ण कोरडा आणि स्वच्छ असेल तर पेट्रोलच पोचत नाही, आणि तेव्हा करंटच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये. चिनीमाती पांढरीफटक पडली असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि नवीन इंजिनसाठी हे लक्षण काजळीपेक्षा जास्त धोक्याचे आहे.

काजळीमुळे गाडी का अडते, हे समजून घेतले की पुढचे सोपे जाते. प्लगचे टोक साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्यावरचा कार्बन आपोआप जळून जातो. चोक ओढून गाडी बराच वेळ जागेवर चालू ठेवली, किंवा पाच-पाच मिनिटे चालवून बंद केली, तर टोक तेवढे तापतच नाही. साठलेल्या कार्बनमधून वीज वाहू शकते, त्यामुळे करंट गॅप, म्हणजे प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधली फट, ओलांडून ठिणगी पाडण्याऐवजी त्या थरावरून सरळ प्लगच्या लोखंडी अंगात उतरतो. आपण त्याला ‘प्लग शॉर्ट झाला’ म्हणतो ते याच अर्थाने. नवीन गाडी मिळाल्याच्या आनंदात मी पहिले दोन दिवस नेमके हेच केले होते: सुरू केली, आवाज ऐकला, बंद केली. तरीही एवढ्यावरून दीड तासात दुसरा प्लग जाणे मला पटेना.

म्हणून ठिणगीची परीक्षा घेतली. प्लग कॅपमध्ये घालून त्याचे लोखंडी अंग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवले, मात्र प्लगच्या भोकापासून दूर, कारण किक मारल्यावर तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेट घेऊ शकते. हाताने प्लग धरू नये, इन्सुलेटेड पकड वापरावी. आणि प्लग अर्थ न करता किका मारू नयेत, कारण त्याने कॉइल किंवा सीडीआय निकामी होऊ शकतो. सावलीत पाहिल्यावर मला बारीक, नारिंगी ठिणगी दिसली आणि तीही मध्येच एखाद्या किकला गायब होत होती. चांगली ठिणगी निळसर-पांढरी असते आणि तिचा टक् असा आवाज ऐकू येतो. शिवाय मोकळ्या हवेत ठिणगी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच ठिणगी पडायला बराच जास्त व्होल्टेज लागतो.

आता दोष शोधायला जागा थोड्याच उरल्या होत्या. किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाची, वायर जोडणीतून सोडवून पाहिली. ओल किंवा माती शिरून स्विच आतल्या आत अर्थ होत असेल तर ती सोडवताच करंट सुधारतो. माझ्या गाडीत काही फरक पडला नाही. मग प्लगकॅप हातात धरून हलकेच फिरवली, तर ती हाय टेन्शन वायरवर (कॉइलकडून प्लगला करंट आणणाऱ्या जाड वायरवर) मोकळी फिरली. ही कॅप आतल्या स्क्रूने वायरच्या तांब्याच्या तारांमध्ये रुतून बसते. कॅप उलटी फिरवून काढली तेव्हा वायरचे टोक हिरवट-काळे पडलेले दिसले आणि स्क्रूची पकड दोन-तीन तारांपुरतीच होती. टोकाचा अर्धा सेंटिमीटर भाग कापून टाकला, स्वच्छ तांबे दिसू लागले, आणि कॅप घट्ट होईपर्यंत परत फिरवली. पुढच्याच किकला ठिणगी निळी आली. संपूर्ण दुरुस्तीला पाच मिनिटे लागली. नवीन गाडीत हा दोष असेल अशी शंकाही मला आली नव्हती. नवीन गाडीतही जोडणी ढिली राहू शकते, हे मी आता कायम लक्षात ठेवतो.

प्लगच्या वरच्या टोकाला एक लहान नट असतो. काही कॅपना तो लागतो, काहींना तो काढून उघडे आटे लागतात. चुकीच्या जोडीत कॅप बसल्यासारखी वाटते, पण ‘खट्’ असा आवाज येत नाही आणि धक्क्यांनी ती निसटते.

नवा प्लग घेताना क्रमांक मॅन्युअलमधलाच पाहावा. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा, तर बॉश आणि चॅम्पियनमध्ये याच्या उलट. म्हणून एका कंपनीच्या आकड्यावरून दुसऱ्या कंपनीचा प्लग अंदाजाने निवडू नये. गॅप फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाने) मोजावा. माझ्या मॅन्युअलमध्ये 0.6 ते 0.7 मिमी दिला आहे आणि नव्या प्लगचा गॅप 0.8 निघाला, म्हणून बाजूचा इलेक्ट्रोड हळूच ठोकून तो कमी केला. इरिडियम प्लगचे मधले टोक फार नाजूक असते, त्यावर गेज दाबून गॅप वाढवण्याचा प्रयत्न करू नये. बसवताना प्लग बोटांनीच शेवटपर्यंत फिरवावा आणि वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा द्यावा. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते. पाना लावून तिरपा प्लग दामटला तर आटे जातात आणि मग खर्च प्लगचा राहत नाही, हेडचा होतो.

ठिणगी चांगली असूनही गाडी सुरू होत नसेल तर पेट्रोलकडे वळावे. कॉक उघडा आहे ना, टाकीच्या झाकणाची हवेची नळी दबलेली नाही ना, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल केल्यावर पेट्रोल सलग येते ना, हे पाहावे. गाडी बरेच दिवस पेट्रोल भरून उभी असेल तर पायलट जेट (कार्ब्युरेटरमधले कमी वेगाला पेट्रोल देणारे बारीक भोक) चोंदलेला असण्याची शक्यता मोठी असते. गाडी पेट्रोलने तुंबली असेल तर चोक बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून आठ-दहा किका माराव्यात, म्हणजे आत साचलेले पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडते. टू-स्ट्रोक गाडीत ऑइलचे प्रमाण जास्त झाले तरी प्लग तेलकट काळा पडतो, म्हणून मिश्रण मापानेच करावे.

फोर-स्ट्रोकमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे टॅपेट, म्हणजेच व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट (क्लिअरन्स). सुरुवातीच्या काही तासांत व्हॉल्व्ह आपापल्या जागी बसतात आणि क्लिअरन्स कमी होतो. तो फारच कमी झाला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि थंड इंजिन किकला जुमानत नाही. ही तपासणी थंड इंजिनवरच करावी.

कॅप बसवल्यानंतर मी तोच दुसरा प्लग साफ करून परत लावला आणि चोक आता अर्ध्या मिनिटात बंद करतो. सहा तास चालवून काल तो काढून पाहिला. चिनीमाती फिकट तपकिरी झाली आहे, आणि आज सकाळी थंड गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली.