ऐकून तर राहिलं आहे!

मे महिन्यातली संध्याकाळ, पावणेसात. नागपूरच्या महाल भागात सिमेंट रस्त्याच्या खोदकामात जेसीबीनं आमची फायबर केबल तोडली होती आणि दुपारपासून ऑफिसातला फोन खाली ठेवायची सोय नव्हती. मी ब्रॉडबँडवाला. अशा दिवशी आम्ही घरोघरी जात नाही. केबल जोडली की सगळ्यांचं आपोआप सुरू होतं. पण बडकस चौकाजवळच्या एका काकूंचा फोन वेगळा होता. "नेट राहू दे बापा. आमच्या ह्यांच्या खोलीतला दिवा लागून नाही राहिला."

मी वायरमन नाही, असं म्हणणार होतो. मग आठवलं, त्यांचा मुलगा हैदराबादला असतो, त्यानं दिवाळीत येऊन स्मार्ट स्पीकर आणि वायफायवर चालणारा बल्ब बसवला होता. पासवर्ड मीच टाकून दिला होता.

काका निवृत्त मास्तर. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर. खोलीत अंधार, कूलरचा घर्रघर्र आवाज, उशाशी स्पीकर. मला पाहताच म्हणाले, "ये. तूच ऐक आता." त्यांनी स्पीकरला नावानं हाक मारली. त्याचा दिवा लगेच उजळला. "बत्ती जलाओ!" (नागपूरकराला हिंदीत हुकूम सोडायला कोणी शिकवावं लागत नाही.) जरा थांबून स्पीकर गोड आवाजात म्हणाला, इंटरनेट सापडत नाही.

"पाहिलं? हाक मारली की ऐकून तर राहिलं आहे. सहा वाजता गोळीचा गजरही वाजला. बोलताही येते. मंग बत्तीच काऊन नाही?"

शंका मास्तरांची होती, त्यामुळे उडवून लावण्यासारखी नव्हती.

आधी भिंतीकडे गेलो. बटणावर सेलोटेप. मुलानं लावलेली, बटण बंद केलं की बल्बची वीजच जाते, मग तो कोणाचं काय ऐकणार? टेप काढली, बटण एकदा बंद करून चालू केलं. बल्ब लागला. काकूंनी देवाला हात जोडले. काकांचा चेहरा मात्र पडलेलाच. "हे तर कोणीही करेल. मला काऊन नाही करता येत?"

ते मला लागलं. सहा महिन्यांत त्या खोलीत त्यांनी स्वतःच्या मर्जीनं केलेली बहुधा हीच एक गोष्ट होती.

राउटर बंद करून मोबाइलवर हॉटस्पॉट सुरू केला. त्याला त्यांच्या राउटरचंच नाव दिलं, पासवर्डही तोच, बँड २.४ गिगाहर्ट्झ, कारण असे बल्ब बहुतेक ५ गिगाहर्ट्झवर येत नाहीत. स्पीकरला आणि बल्बला वाटलं, घरचाच राउटर परत आला. मिनिटभरात दोघं जोडले गेले. काका म्हणाले, "बत्ती बंद करो." बंद. "जलाओ." लागली. पाच-सहा वेळा केलं त्यांनी, मी मोजलं नाही.

मग पलंगाच्या कडेला बसून समजावलं. या डब्याला स्वतःची अक्कल जेमतेम आपलं नाव ओळखण्यापुरती. ते काम आतली चिप करते, नेट असो-नसो. गजर एकदा लावला की डब्यातच साठतो, म्हणून सहाला वाजला. "इंटरनेट नाही" हे वाक्यही आधीच भरून ठेवलेलं. पण नावानंतर तुम्ही जे बोलता त्याचा अर्थ त्याला लागत नाही. तो आवाज कुलूपबंद होऊन कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. तिथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांमधून हुकूम निघतो. बल्ब दुसऱ्या कंपनीचा, म्हणून हुकूम तिच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून उलटा या खोलीत, बल्बपर्यंत. काही नव्या जोड्या घरातल्या घरात बोलतात, ही त्यातली नव्हती.

काकांनी पलंगापासून बल्बापर्यंत नजरेनं अंतर मोजलं. "दहा फूट. अन् त्यासाठी एवढी वरात?"

काकूंना वेगळीच काळजी होती. "म्हणजे दिवसभर आमचं ऐकून राहते ना ते?" त्या पैशाअडक्याचं बोलणं निघालं की स्पीकरवर टॉवेल टाकतात, हे तेव्हा कळलं. मी म्हटलं, मोजूनच पाहू. साधारण सेकंदाला आवाजाचे १६ हजार नमुने, प्रत्येकी १६ बिट म्हणजे दोन बाइट, असा कच्चा आवाज सेकंदाला ३२ केबी होतो. दहा मिनिटं सतत पाठवला तर १९ एमबी. दाबून, म्हणजे आकार कमी करून पाठवला तरी दोनेक एमबी. आम्ही स्पीकरचं नाव न घेता दहा मिनिटं मुद्दाम गप्पा मारल्या: आंब्याचे भाव, शेजारच्यांचं लग्न, रस्त्याचा ठेकेदार. हॉटस्पॉटवरून गेलेल्या डेटाचा आकडा अर्धा एमबीही सरकला नाही. स्पीकर शेवटचे काही सेकंद स्वतःजवळ धरतो आणि पुसत राहतो, नाव ऐकू आलं की पाठवायला लागतो. पण टीव्हीतल्या एखाद्या मिळत्याजुळत्या शब्दालाही तो फसतो आणि तेव्हाचं बोलणंही जातं, हेही सांगून टाकलं. ते लपवण्यात काय अर्थ? माइक बंद करायचं बटण दाखवलं. टॉवेलपेक्षा ते बरं, आवाज काय टॉवेलला अडतो?

फायबरचे जोड रात्री साडेनऊला पुरे झाले. परत चालू केलेल्या राउटरवरचा लाल दिवा गेला.

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीहून जुन्या पद्धतीचा बेड स्विच आणला, हातात धरायचा, वायरीला लटकणारा, आणि ओळखीच्या वायरमनकडून काकांच्या उशाशी एक साधा दिवा जोडून घेतला. त्याला ना नाव लागतं, ना सर्व्हर. काकांनी एकदा दाबून पाहिला, ठीक आहे म्हणाले आणि लगेच स्पीकरला हाक मारली.

निघताना काकू म्हणाल्या, "थांब." आत गेल्या, टॉवेल आणून स्पीकरवर नीट पसरला, मग हळूच विचारलं, "किती झाले रे तुझे?"