तुम्ही विचारलंत म्हणून: चौतीस फोटो आणि एक ‘छान’

‘एका फोटोवर लोक भरभरून बोलतात, पण अख्खी मालिका दाखवली की नुसतं ‘छान’ म्हणून गप्प बसतात. तुम्ही काय करता?’ फोटो काढणारं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच.

असे ‘छान’ मीही पुष्कळ गोळा केले. ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्याचे ३४ फोटो मोबाइलमध्ये घेऊन फिरायचो. समोरचा अंगठ्यानं भराभर सरकवायचा आणि सातव्या फोटोपर्यंत मनानं घरी पोचलेला असायचा. त्याची काय चूक? ३४ फोटो हातात देऊन ‘कसे वाटले?’ विचारल्यावर माणूस दुसरं म्हणणार काय!

मग एकदा चार बाय सहाच्या प्रिंट काढल्या आणि ज्या मावशींच्या दारात निम्मे फोटो काढले होते, त्यांच्याच ओट्यावर ओळीनं मांडल्या. मावशी जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. हातातलं काम न सोडता बघत गेल्या आणि सहाव्या प्रिंटमधल्या होडीवर बोट टेकवलं. ‘आता होरी चिखलात होती ना रं? पानी कवा आलं? नि लगेच परत चिखल?’

फोटो ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिन्यांतले. मी ते उजेडाचे रंग जुळवून लावले होते. मावशींनी ते एका सकाळीसारखे वाचले. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. तिथीवरून पाणी सांगणाऱ्या बाईला माझी खाडी खोटीच वाटणार. एकेक फोटो ठीक होता, चूक दोन फोटोंच्या मधे होती. एकेका फोटोवर मत मागत राहिलो असतो तर जन्मात कळली नसती.

तेव्हापासून मी ‘कसे वाटले’ विचारत नाही. प्रिंट पुढ्यात ठेवतो आणि सांगतो, यातले पाच काढून टाक. लोक बोलताना भिडेखातर गोड बोलतात, पण प्रिंट उचलणारा हात भीड धरत नाही. कधी गड्डी पिसून देतो आणि तूच लाव म्हणतो. या सगळ्यात आपण तोंड बंद ठेवायचं. (मला हे अजून पुरतं जमत नाही.) एक्स्पोजर (उजेड) कमी-जास्त, क्षितिज तिरकं, हे सांगणारे मित्रही हवेत, पण त्यांना मी शेवटी गाठतो. आधी ते भेटले तर गोष्ट राहते बाजूला आणि आपण सावल्या उजळत बसतो.

सगळ्यात जास्त वेळा बाद झाला तो माझा लाडका फोटो. पहाटे साडेचारला गुडघाभर चिखलात उभा राहून काढलेला. दोघांनी काढून टाकला, दोन्ही वेळा मी परत ठेवला. तिसऱ्यानंही काढला तेव्हा कळलं, चिखल माझ्या पायाला लागला होता, फोटोला नाही. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकनं अमेरिकाभर फिरून २७,००० हून जास्त फ्रेम टिपल्या आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ८३ ठेवल्या. मला एक टाकताना तीन महिने लागले.

शेवटी १८ उरले. ते घेऊन पुन्हा मावशींकडे गेलो. त्यांनी सगळे बघितले, पाण्याबद्दल काही बोलल्या नाहीत. मधली एक प्रिंट मात्र उचलून घरात नेली, नातवाची होती. विचारायचा प्रश्नच नव्हता. आता मालिकेत १७ आहेत आणि मधून एक गेलाय, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.