मखरात ठिपके, दारात चपला

आमचं मंडळ नावाला डेट्रॉइटचं. कार्यक्रम सगळे उपनगरांत, ट्रॉय नाहीतर नोव्हायमधल्या एखाद्या शाळेचा हॉल भाड्याने घेऊन. संक्रांतीला बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत काळ्या साड्या, हलव्याचे दागिने. शहरात जाणं व्हायचं ते जानेवारीतल्या ऑटो शोपुरतं. 'तिकडे गाडी थांबवू नका' हा सल्ला नव्या मेंबराला वर्गणीच्या पावतीबरोबरच मिळायचा.

उन्हाळी सहल मात्र नदीतल्या बेल आइल बेटावर. भेळ, भाजलेली कणसं, लगोरी आणि आवाज बसेपर्यंत अंताक्षरी. परतताना मंडळातले एक काका आमच्या गाड्या हायडलबर्ग स्ट्रीटकडे वळवायचे. काका गाड्यांच्या बॉडी डिझाइनमध्ये होते, आणि त्या गल्लीत टाकून दिलेल्या बॉनेटांवर चेहरे रंगवून मांडलेले होते. त्यांना त्याचा कोण अभिमान!

ही गल्ली टायरी गायटन या कलाकाराची. तो तिथेच वाढलेला. १९६७ च्या दंगलीत शहर जळताना पाहिलं तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. पुढे लोक घरं सोडून गेले, ओस घरांत गर्दुल्ले शिरले. १९८६ मध्ये त्याने, बायको कॅरेनने आणि आजोबा सॅम मॅकी यांनी झाडू घेतला, मोकळे प्लॉट झाडले आणि जो कचरा निघाला तोच घरांवर, झाडांवर चढवला. एका घरावर बाहुल्या, एकावर ग्रामोफोनच्या तबकड्या, एक घर कापसाच्या प्राण्यांनी झाकलेलं. आमची पोरं तिथून हलायची नाहीत. एका घरावर रंगीत ठिपके, रस्त्यावरसुद्धा.

महापालिकेने १९९१ मध्ये बुलडोझर आणला, १९९९ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा गायटनने उरलेल्यातून परत मांडलं. वस्ती सुधारली का, यावर आमच्या गाडीत दर वर्षी वाद. मला विचाराल तर रंगाने नोकऱ्या आल्या नाहीत, आणि खिडकीत डोकावणाऱ्या पाहुण्यांना काही शेजारी वैतागलेही होते. पण ज्या गल्लीला शहराने पाठ दाखवली होती, तिथे लांबलांबून माणसं येऊन थांबू लागली. आमच्यासारखी भित्रीसुद्धा.

२०१३ च्या मे महिन्यापासून आगी लागू लागल्या. लावलेल्या होत्या. तबकड्यांचं घर गेलं, पुढच्या मार्चमध्ये प्राण्यांचं. ठिपक्यांचं घर राहिलं.

त्या वर्षी गणपतीच्या मीटिंगमध्ये पोरांनी जाहीर केलं की मखर आम्ही करणार, भंगारातून. एरवी या मीटिंगमध्ये फक्त मोदक किती आणि नाटकाला माईक किती यावर भांडण. एका गराजमध्ये महिनाभर मोडके कीबोर्ड, सीडी, डबे रंगवणं चाललं. मखर ठिपक्याठिपक्यांचं, आणि देखणं झालं. अडलं ते चपलांवर. गायटनने झाडाला जोडे टांगले होते, पोरांना तसंच हवं होतं. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या एका आजी कडाडल्या, "गणपतीच्या डोक्यावर पायताणं? मी आरतीला उभी राहणार नाही."

शेवटी आजींनीच तोड काढली. जोडे हॉलच्या दाराबाहेर, जिथे सगळे चपला काढतात तिथे. पोरांनी सुतळ्या बांधून रंगीत बूट लोंबकळत सोडले. आरती आटोपून लोक बाहेर आले, तर चिल्ल्यापिल्ल्यांनी उत्साहाच्या भरात पाहुण्यांच्याही चपला वर चढवलेल्या. अध्यक्षांचा एक कोल्हापुरी जोड पंख्याजवळ होता. ते मोज्यांवर उभे राहून शिडी मागत होते, आणि आजी खाली खुर्चीवर बसून कुणाची चप्पल कुठे ते पोरांना काठीने दाखवत होत्या.